झायमोट मल्टी ८५०: शुक्राणू निवडणारी ही चिप कुठे कामाची आणि कुठे नाही

आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन करण्याच्या) लॅबमध्ये सीमेनमधून (वीर्यातून) चांगले शुक्राणू वेगळे काढण्याच्या दोन पद्धती रुळलेल्या आहेत: स्विम-अप, म्हणजे शुक्राणूंना वरच्या द्रवात पोहत येऊ देणं, आणि डेन्सिटी ग्रेडियंट, म्हणजे वेगवेगळ्या घनतेच्या थरांतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे शुक्राणूंना सूक्ष्म वाटांतून पोहायला लावणारं छोटं उपकरण, येऊन बसली आहे. त्यातलं जास्त वापरलं जाणारं एक नाव झायमोट. या परीक्षणात तिच्या मल्टी प्रकारातल्या ८५० मायक्रोलिटरच्या डिव्हाइसबद्दल लिहितो आहे. एम्ब्रियॉलॉजीत नव्याने आलेल्यांना ते हाताळायला उपयोगी पडावं आणि बिलात 'स्पर्म चिप' असा वेगळा आकडा पाहणाऱ्या जोडप्यांना त्याचा अर्थ लागावा, हा उद्देश.

निकाल आधीच सांगतो. ज्या पुरुषाचा डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स, म्हणजे डीएफआय (तुटलेला डीएनए असलेल्या शुक्राणूंचं टक्क्यांतलं प्रमाण), खरोखर वाढलेला आहे आणि ज्याच्या सॅम्पलमध्ये पुढे पोहणारे शुक्राणू पुरेसे आहेत, त्याच्यासाठी ही चिप चांगली आहे. सरसकट प्रत्येक सायकलला (उपचाराच्या फेरीला) ती वापरणं मला पटत नाही.

ही पद्धत अमेरिकेत उत्कान देमिर्जी यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून पुढे आली आणि मेरीलँडमधल्या डीएक्सनाउ कंपनीने ती बाजारात आणली. मल्टीची रचना साधी आहे. खाली सीमेनचा कप्पा, वर माध्यमाचा, म्हणजे शुक्राणूंना जगवणाऱ्या द्रवाचा, कप्पा, मधे ८ मायक्रॉनच्या छिद्रांचा पडदा. शुक्राणूचं डोकं साधारण ४ ते ५ मायक्रॉन लांब आणि ३ मायक्रॉनच्या आसपास रुंद असतं, त्यामुळे छिद्रातून ते सहज जातं. पण ही चाळणी नव्हे. सीमेन खाली आहे आणि द्रव आपणहून वर ढकलला जात नाही. मेलेला किंवा जागच्या जागी वळवळणारा शुक्राणूही छिद्रात मावेल, पण तो तिथपर्यंत चढणारच नाही. निवड होते ती पोहण्यावर, आणि जो नीट पोहतो त्याचा डीएनए अखंड असण्याची शक्यता सरासरीने जास्त असते. पांढऱ्या पेशी, गोल पेशी आणि कचरा खालीच राहतो.

चिपचा खरा फायदा सेंट्रिफ्यूज टळण्यात आहे. ग्रेडियंटमध्ये ४० आणि ८० टक्क्यांच्या थरांवर सीमेन ठेवून ३०० ते ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट जोर) वर १५ ते ३० मिनिटं फिरवतात, मग पेलेट (तळाशी बसलेला गोळा) धुवायला पुन्हा फिरवतात. फिरवताना चांगले शुक्राणू, मेलेले शुक्राणू आणि पांढऱ्या पेशी एका पेलेटमध्ये दाबले गेले, की रिअॅक्टिव्ह ऑक्सिजन (पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची रूपं) वाढतो आणि चांगल्यांनाही इजा होते. एटकेन आणि क्लार्कसन यांनी १९८८ मध्येच हे दाखवलं होतं. ग्रेडियंटचे थर ही इजा बरीच कमी करतात, पण पूर्ण थांबवत नाहीत. चिपमध्ये हा टप्पाच नाही.

आता प्रत्यक्ष वापर. सॅम्पल पूर्ण पातळ झाल्याशिवाय डिव्हाइसचं पाकीट फोडू नये. ३७ अंशाला बहुतेक सॅम्पल अर्ध्या तासात पातळ होतात, काहींना तास लागतो. पिपेटमधून थेंब सोडून पाहावा. २ सेंटिमीटरपेक्षा लांब तार निघाली तर सॅम्पल चिकट आहे. असं सॅम्पल तसंच भरलं तर पडद्याखाली ते गोळ्यासारखं बसतं आणि शुक्राणूंना पडद्यापर्यंत वाट मिळत नाही. बोथट टोकाच्या १८ गेजच्या सुईतून दोन-चार वेळा सावकाश खालीवर केलं की बऱ्याचदा काम भागतं. माध्यम समप्रमाणात मिसळण्याचा पर्यायही आहे, पण मग ८५० मायक्रोलिटरमध्ये मूळ सीमेन निम्मंच जाणार, हे हिशेबात धरावं.

माध्यम निवडताना होणारी चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी ओळखली जाते. हेपीस किंवा मॉप्स बफरचं (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रव्यांचं) माध्यम असेल तर साधा ३७ अंशांचा इन्क्युबेटर वापरायचा, कार्बन डायऑक्साइडचा नाही. बायकार्बोनेट बफर असेल तर माध्यम आदल्या रात्री कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून तयार करायचं आणि डिव्हाइसही त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. उलट केलं की हेपीसचं माध्यम आम्लधर्मी होतं किंवा बायकार्बोनेटचं अल्कधर्मी. दोन्ही वेळा शुक्राणू मंदावतात आणि दोष चिपला दिला जातो. माध्यमात अल्ब्युमिन हे प्रथिन हवंच. ते नसेल तर शुक्राणू प्लास्टिकला चिकटून बसतात आणि गोळा होणारी संख्या घसरते.

सीमेन भरायला सुई न लावता १ मिलिलिटरची सिरिंज वापरतात. इथे सिरिंज कुठली हे महत्त्वाचं आहे. काळ्या रबरी बुडाची किंवा आतून सिलिकॉन तेल लावलेली साधी सिरिंज शुक्राणूंना घातक ठरू शकते. रबर आणि तेल नसलेली, पेशींवर तपासून प्रमाणित केलेली सिरिंजच घ्यावी. नवा लॉट आला की सिरिंज आणि चिप दोन्हींची शुक्राणू-जगण्याची चाचणी लावावी. त्यासाठी धुतलेले शुक्राणू चिपच्या संपर्कात आलेल्या माध्यमात आणि नेहमीच्या माध्यमात ठेवायचे, २४ तासांनी दोन्हीकडची मोटिलिटी (हलणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण) मोजायची आणि तुलना करायची. पेशंटच्या सॅम्पलवर लॉट तपासायची वेळ येऊ देऊ नये.

सिरिंजमध्ये ८५० मायक्रोलिटर घ्या, टोकाशी असलेला बुडबुडा काढून टाका आणि आत घेणाऱ्या छिद्रातून सावकाश, एकसारख्या दाबाने सोडा. पडदा थोडा प्रकाशाकडे तिरका धरून पाहिला की खालून सीमेन पसरताना दिसतं. बुडबुडा अडकला तर तेवढी जागा कोरडी, फिकट दिसते. त्या भागातून एकही शुक्राणू वर येणार नाही, म्हणजे चिपचा तेवढा भाग वाया गेला. बुडबुडा घालवायला जोर लावला तर सीमेन पडद्यातूनच वर येतं, आणि मग आणखी मोठी गडबड होते. म्हणून पहिल्या १०० मायक्रोलिटरला घाई न करणं हाच उपाय.

त्यानंतर वरच्या कप्प्यात ३७ अंशांना आणलेलं ७५० मायक्रोलिटर माध्यम घालायचं. बाहेर काढायच्या छिद्रापाशी आधी थोडं सोडावं, म्हणजे तिथे हवा राहत नाही, आणि बाकीचं पडद्यावर पसरू द्यावं. सगळा पडदा ओला झाला पाहिजे. खालचं सीमेन आणि वरचं माध्यम यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी रस्ता बंद. माध्यम थंड असेल तर सुरुवातीची काही मिनिटं शुक्राणू सुस्त राहतात, आणि मोजून दिलेल्या अर्ध्या तासातला तेवढा वेळ गेला.

मग ३० मिनिटं ३७ अंशांना, सपाट आणि हलणार नाही अशा जागी, आर्द्रता असलेल्या इन्क्युबेटरमध्ये. 'संख्या कमी येते म्हणून तासभर ठेवलं' असं अनेक लॅबमध्ये चालतं. वेळ वाढवला की संख्या वाढते, पण उशिरा येणारे शुक्राणू हळू पोहणारे असतात. निवड सैल होते आणि ज्यासाठी चिप घेतली तेच कमी होतं. संख्या कमी येणार हे आधीच दिसत असेल तर वेळ ताणण्यापेक्षा पद्धतच वेगळी निवडावी.

शेवटी बाहेरच्या छिद्रातून ५०० मायक्रोलिटर काढायचं, ७५० नाही. उरलेलं पडद्याला लागून असतं आणि ते ओढायला गेलं की खालचं सीमेन सोबत येतं. सिरिंजचा दट्ट्या अगदी सावकाश मागे घ्यावा. झटक्याने ओढलं तर पडद्यातून सेमिनल प्लाझ्मा (वीर्यातला द्रव) वर खेचला जातो, आणि मग हे शुक्राणू 'धुतलेले' राहत नाहीत. आययूआयसाठी, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडताना, हे विशेष महत्त्वाचं. सेमिनल प्लाझ्मातले प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयात गेले तर पेशंटला पोटात जोरात कळा येऊ शकतात.

लेबल डिव्हाइसच्या मुख्य भागावर लावावं, सुट्या होणाऱ्या भागावर नाही. दोन व्यक्तींनी नाव पडताळण्याचा नियम भरताना एकदा आणि काढताना पुन्हा पाळायचा. टेबलावर एकाच आकाराची दोन पारदर्शक डिव्हाइसं शेजारी ठेवणं मला कधीच मान्य नाही, मग त्या दिवशी कितीही गर्दी असो.

काम बरोबर झालं की नाही हे मायक्रोस्कोपखाली लगेच कळतं. काढलेल्या थेंबात जवळपास सगळे शुक्राणू पुढे पोहताना दिसायला हवेत आणि पार्श्वभूमी स्वच्छ हवी. न हलणारे शुक्राणू नजरेत भरण्याइतके असतील, गोल पेशी दिसत असतील, तर सीमेन गळून वर आलं आहे. कारणं बहुधा तीनच: भरताना जास्त दाब, डिव्हाइस हलणं किंवा तिरकं होणं, आणि काढताना घाई. सगळे स्वच्छ आणि हलते आहेत पण मोजकेच आहेत, तर बुडबुडा, चिकट सॅम्पल किंवा चुकीचा बफर शोधावा. दोन्ही चित्रं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे, म्हणून नोंदवहीत नुसता काउंट (शुक्राणूंची संख्या) न लिहिता थेंब कसा दिसला हेही लिहावं.

मोजताना एक अडचण येते. मॅकलर चेंबर, म्हणजे शुक्राणू मोजायची चौकोन आखलेली काच, तिच्यातल्या १० चौकोनांतली संख्या म्हणजेच मिलियन प्रति मिलिलिटर, अशी सवय असते. चिपमधून आलेलं सॅम्पल इतकं विरळ असतं की १० चौकोनांत एखादाच शुक्राणू सापडतो, आणि एकावरून अंदाज बांधणं धोक्याचं. संपूर्ण १०० चौकोन मोजून १० ने भागावं.

आता संख्येचा हिशेब, कारण बहुतेक निराशा इथेच होते. समजा काउंट २५ मिलियन प्रति मिलिलिटर आहे आणि ४० टक्के शुक्राणू पुढे पोहणारे आहेत. ८५० मायक्रोलिटरमध्ये २१.२५ मिलियन, त्यातले पोहणारे ८.५ मिलियन. हिशेबापुरते धरू की त्यातला दहावा भाग पडदा ओलांडतो, म्हणजे ०.८५ मिलियन. ७५० पैकी ५०० मायक्रोलिटरच काढतो, म्हणून हातात येतात साधारण ०.५७ मिलियन. इक्सीला, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने अंड्यात सोडण्याला, हे भरपूर झालं. साध्या आयव्हीएफलाही पुरतं. ५०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये मिलिलिटरला १ लाख या मापाने ५० हजार शुक्राणू हवेत, ते या सॅम्पलच्या ४५ मायक्रोलिटरमध्ये मिळतात. पण आययूआयला ५ मिलियन हलते शुक्राणू असावेत असं अनेकजण धरतात, आणि त्याच्या जवळपासही हे जात नाही. आययूआयसाठी याच डिव्हाइसची ३ मिलिलिटरची मोठी आवृत्ती आहे, ८५० ची चिप तिथे वापरू नये.

आता दुसरं टोक पाहू. काउंट ०.३ मिलियन आणि पोहणारे ५ टक्के. त्याच हिशेबाने ५०० मायक्रोलिटरमध्ये साधारण ८५० शुक्राणू, म्हणजे ५ मायक्रोलिटरच्या थेंबात आठ-नऊ. दहा-बारा अंडी इक्सीसाठी वाट पाहत असताना थेंबामागून थेंब शोधत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ अंडी इन्क्युबेटरबाहेर राहिली तर चिपने मिळवलेलं सगळं गेलं. मग एखादा म्हणतो, ५ मिनिटं ३०० जी वर फिरवून पेलेट घेऊ. फिरवायचंच होतं तर चिप घ्यायची कशाला? अशा सॅम्पलला इक्सीसाठीची छोटी आवृत्ती किंवा साधी, जपून केलेली धुलाई बरी. मिलिलिटरला ३ मिलियन आणि १५ टक्के पोहणारे असतील तर मात्र त्याच हिशेबात २५ हजारांच्या आसपास शुक्राणू मिळतात आणि इक्सी निवांत होते. अडचण काउंट थोडा कमी असण्याची नाही, पोहणारेच नसण्याची आहे.

याच कारणाने टेसा-पेसाच्या, म्हणजे सुईने थेट टेस्टिसमधून (वृषणातून) किंवा त्याला लागून असलेल्या नळीतून काढलेल्या, सॅम्पलला ही चिप नको. टेस्टिसमधून काढलेले शुक्राणू बहुतेक हलत नाहीत आणि सोबत लाल पेशींचा खच असतो. गोठवून वितळवलेल्या सॅम्पलमध्ये मोटिलिटी आधीच घटलेली असते, शिवाय त्यात गोठवण्यासाठी घातलेलं ग्लिसरॉल असतं. तिथेही अपेक्षा कमी ठेवावी. संसर्गाचं वेगळं सांगतो: ८ मायक्रॉनची छिद्रं जंतूंना अडवत नाहीत आणि विषाणूंना तर नाहीच. एचआयव्ही असलेल्या पुरुषाच्या सॅम्पलसाठी ग्रेडियंट, त्यावर स्विम-अप आणि शेवटी पीसीआर (विषाणू उरला आहे का ते पाहणारी चाचणी) हीच रुळलेली वाट आहे. तिच्या जागी चिप धरू नये.

पुराव्याचं काय? २०१८ मध्ये ह्यूमन रिप्रॉडक्शन या नियतकालिकात आलेल्या क्विन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एकाच सॅम्पलचे भाग करून दोन्ही पद्धती लावल्या होत्या. न धुतलेल्या सीमेनचा डीएफआय मध्यक २१ टक्के, ग्रेडियंट आणि स्विम-अपनंतर ६ टक्के, चिपनंतर ०. हा फरक लॅबमधला आणि स्पष्ट आहे, याबद्दल शंका नको. पण याच गटाच्या २०२२ मधल्या यादृच्छिक चाचणीत, जोडपी निवडून न घेता सरसकट इक्सीला चिप वापरली, तेव्हा भ्रूणांच्या दर्जात आणि गर्भधारणेत ग्रेडियंटपेक्षा सरसपणा दिसला नाही.

मला या दोन निकालांत विरोध दिसत नाही. ज्याचा डीएफआय मुळात १० टक्के आहे त्याच्याकडे सुधारायला फारसं काही नाही. शिवाय ग्रेडियंटही डीएफआय बऱ्यापैकी खाली आणतोच. इक्सीत एम्ब्रियॉलॉजिस्ट एकेक शुक्राणू पाहून निवडतो, म्हणजे निवडीचा आणखी एक टप्पा तिथे आहेच. आणि अंड्यात शुक्राणूच्या डीएनएची थोडीफार दुरुस्ती करण्याची क्षमता असते, तरुण स्त्रीच्या अंड्यात ती जास्त. चिपचा फायदा दिसायचा तर बिघाड मोठा असायला हवा. म्हणून डीएफआय ३० टक्क्यांच्या वर असेल, आधीच्या सायकलमध्ये भ्रूण तिसऱ्या दिवसानंतर अडकले असतील किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर चिप सुचवणं रास्त वाटतं. आणि ३० हा आकडा कुठल्या चाचणीचा, हेही पाहायला हवं. एससीएसए, हेलो चाचणी आणि ट्युनेल या डीएफआय मोजण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. चिपआधीचा आणि नंतरचा डीएफआय तुलना करायचा तर एकाच पद्धतीने मोजलेला हवा.

चिपच्या आधी करण्यासारखी स्वस्त कामंही आहेत. डीएफआय जास्त असलेल्या पुरुषाला सॅम्पल द्यायच्या आधी पाच-सहा दिवस थांबवण्याऐवजी एक-दोन दिवसच थांबायला सांगितलं, तर साठून राहिल्याने होणारं नुकसान कमी होतं. त्यासाठी पैसा लागत नाही. तंबाखू, गेल्या तीन महिन्यांत येऊन गेलेला मोठा ताप, व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा), भट्टीजवळचं काम यांची चौकशी हवी, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि तेव्हाचं नुकसान आज दिसतं. हे काही न विचारता थेट चिपचं बिल लावणं मला चुकीचं वाटतं. एकदाच वापरायची ही चिप ग्रेडियंटच्या एका सॅम्पलच्या खर्चापेक्षा कितीतरी महाग आहे, आणि सायकलसाठी कर्ज काढलेल्या घराला तो आकडा जाणवतो. ती धुऊन पुन्हा वापरण्याचा विचार तर मनातही आणू नये.

महाराष्ट्रात एक प्रश्न हटकून विचारला जातो, म्हणून स्पष्टच लिहितो. ही चिप एक्स आणि वाय शुक्राणू वेगळे करत नाही. माणसाच्या एक्स शुक्राणूत डीएनए वायपेक्षा जेमतेम २.८ टक्के जास्त असतो आणि पोहण्यावरून ते वेगळे निवडता येत नाहीत. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात गुन्हा ठरली. चिपच्या नावाखाली कुणी मुलाची खात्री देत असेल तर तो फसवतो आहे आणि गुन्हाही करतो आहे.

चिप सुचवली गेली तर जोडप्याने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: डीएफआयचा अहवाल आणि तो कुठल्या पद्धतीने काढला ते, चिपसाठी सॅम्पल पुरेसं आहे हे दाखवणारा काउंट आणि मोटिलिटी, आणि त्या दिवशी चिपमधून पुरेसे शुक्राणू मिळाले नाहीत तर लॅब काय करणार व चिपचे पैसे लागणार की नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सॅम्पल देण्याच्या आधी मिळालं पाहिजे. मूळ सॅम्पलचा थोडा भाग ग्रेडियंटसाठी राखून ठेवणारी लॅब हे उत्तर सहज देऊ शकते.